औषध चालू आहे

पोचताईचा दिवस त्या दिवशी पहाटे पाचला सुरू झाला, फोनच्या आवाजाने. एरवी ती साडेपाचला उठायची. अर्ध्या तासाच्या झोपेचं तिला काही नव्हतं. राग आला तो पलीकडच्या पहिल्याच वाक्याचा.

"ताई, तो परत फरशीशी बोलायला लागलाय."

बोलणारी होती माई, मिस्त्रीची थोरली बहीण. मिस्त्री म्हणजे फरशी बसवणारा कारागीर. हात चांगला, डोकं मधूनच दगा देणारं. महिन्यापूर्वी तो हॉस्पिटलच्या मनोविकार वॉर्डातून घरी आला होता. त्याला वॉर्डातून वस्तीतल्या आरोग्य केंद्राच्या हवाली करायचं काम पोचताईचं.

"नुसता ठोकतोय की बोलतोय?" तिने विचारलं.

"ठोकतोय आणि उत्तरं देतोय."

म्हणजे बिघडलं होतं. फरशी बसवून झाली की कारागीर ती ठोकून बघतो. भरीव आवाज आला तर खाली सिमेंटचा माल नीट बसलाय, पोकळ आला तर उचलून पुन्हा बसवायची. मिस्त्री बरा असला की ठोकायचा आणि पुढे सरकायचा. बिघडला की ठोकायचा, थांबायचा, जमिनीला कान लावायचा आणि खाली कोणी बसलंय अशा थाटात त्याच्याशी हुज्जत घालायचा. हा फरक माईनेच पोचताईला शिकवला होता.

"औषध?"

"चालू आहे की."

"इंजेक्शन कधी घेतलं शेवटचं?"

"कसलं इंजेक्शन, ताई?"

पोचताई पलंगावर टेकली. शेजारी नवरा जागा झाला. तो छापखान्यात बाइंडर, झोपेतही कागद सरळ करायचा तसा पांघरूण सरळ करत म्हणाला, "कोण गेलं?"

"कोणी नाही. माझं डोकं गेलं."

दर पंधरवड्याला एक इंजेक्शन होतं. ते चुकलं नाही तर मिस्त्री कामावर जात होता. वॉर्डातून निघण्याआधी एक टोचलं होतं. त्यानंतरची दोन त्याला कोणी दिलीच नव्हती. कसं झालं हे, याचा उलगडा माईला आणखी दोन प्रश्न विचारून दूध तापवेपर्यंतच झाला. फ्रीजच्या दाराला बांधलेली नाडी सोडता सोडता. त्यांच्या फ्रीजचं दार कधीपासून मिटत नव्हतं. नवऱ्याने पायजम्याची नाडी बांधून तात्पुरतं भागवलं होतं, आणि तात्पुरत्याला आता मुदत राहिली नव्हती. नवा घ्यायचा म्हणून पोचताई पगारातून बाजूला टाकत होती.

उलगडा असा. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरने मिस्त्रीला सोडताना तिला सांगितलं होतं, "इंजेक्शन चालू आहे." तिने केंद्राच्या नर्सबाईंना फोनवर सांगितलं, "इंजेक्शन चालू आहे." इन्चार्जच्या मनात होतं, केंद्राने चालू ठेवावं. नर्सबाई समजल्या, हॉस्पिटलातून मिळतंय, म्हणजे आपल्याला बघायला नको. पंधरवड्यानंतर नर्सबाईंनी चौकशीला म्हणून माईला फोन केला, "औषध चालू आहे ना?" माईच्या डोळ्यांपुढे रात्रीची झोपेची गोळी. म्हणाली, "चालू आहे." तिघी खरं बोलल्या. आणि मधली चौथी म्हणजे आपण स्वतः, हे पोचताईला दूध उतू गेल्यावर नीट उमगलं.

तिचं हुद्द्याचं नाव लांबलचक होतं. समन्वयक, आणि पुढे आणखी काही. ते ना वॉर्डात कोणी उच्चारायचं, ना केंद्रात. आधी ती त्याच वॉर्डात आया होती. बेडपॅन उचलले, अंगावर धावून येणाऱ्यांना मिठीत धरून शांत केलं, सकाळ-संध्याकाळ लादी पुसली. मग ही नवी जागा निघाली. ती कोणाला नको होती, कारण तिला दोन्ही इमारतींत खुर्ची नव्हती. हिने घेतली. सुरुवातीला प्रत्येकाला म्हणायची, "माणूस पोचला याची पोच द्या." तेव्हापासून ती पोचताई झाली. वॉर्डबॉय म्हणायचा, "आमची ताई फार पोचलेली आहे हो." काम होतं चालण्याचं, जिने चढण्याचं आणि थांबण्याचं. त्यातलं थांबणं सगळ्यात जड. पायाला काम दिलं तर पाय करतात. नुसतं उभं राहायला सांगितलं की कमरेत भरतं.

माईच्या घरी ती पोचली तेव्हा मिस्त्री स्वयंपाकघरात गुडघ्यांवर होता. सिमेंट थापायच्या करणीच्या दांड्याने ठोकत होता.

"मिस्त्री, मला ओळखलं का?"

"ओळखलं. तुम्ही नेणाऱ्या."

"आज नेणार नाहीये."

"हा म्हणतो, नेणार." त्याने जमिनीकडे बोट केलं.

मागच्या वेळी त्याला गाडीत घालून नेलं होतं, हात बांधून, सगळी गल्ली दारात उभी असताना. माई ते विसरली नव्हती. पोचताईला दाराबाहेर ओढून ती हलक्या आवाजात म्हणाली, "परत वॉर्डात नको, ताई. शाळेच्या हॉलचं काम मिळालंय त्याला. पुढच्या सोमवारपासून. बिघडल्यापासूनचं पहिलं काम आहे. आता आत गेला तर ठेकेदार पुन्हा नाव काढणार नाही."

"केंद्रापर्यंत चालत येईल?"

"माझ्याबरोबर येईल. गाडीत नाही बसणार."

"मग त्याला तीनपर्यंत केंद्रात घेऊन या. मी इंजेक्शन घेऊन येते."

बोलून तर बसली, आणि रस्त्याला लागल्यावर विचार करू लागली की आणायचं कुठून. केंद्र चारला बंद होतं. इंजेक्शन होतं हॉस्पिटलात, दोन बस पलीकडे.

हॉस्पिटलची लिफ्ट बंद होती. वॉर्ड चौथ्या मजल्यावर. इन्चार्ज सिस्टर गोळ्यांचा ट्रे घेऊन पलंगा-पलंगाने फिरत होती. तिच्या हाताखाली त्या दिवशी एक नर्स कमी होती, त्यामुळे ती बोलतानाही चालत होती. पोचताई मागून.

"तो आता केंद्राचा पेशंट. मी तुला सांगितलं होतं, इंजेक्शन चालू आहे म्हणून."

"सांगितलं होतं. मीही पुढे तेच सांगितलं."

"मग?"

"मग काय, सिस्टर. तुमचं चालू म्हणजे चालू ठेवा. नर्सबाईंचं चालू म्हणजे तुम्ही देताय. त्याच्या बहिणीचं चालू म्हणजे झोपेची गोळी. एवढं सगळीकडे चालू, आणि त्याला टोचलं कोणीच नाही."

मागून वॉर्डबॉय म्हणाला, "फारच चालू औषध निघालं हे."

दोघींनी एकदम मागे बघितलं. तो चादरी घेऊन सटकला.

इन्चार्जने ट्रे खाली ठेवला. वाईट बाई नव्हती ती. पण तिला रोज इतक्या ठिकाणी हात पुरवायचे असत की वॉर्डाच्या दाराबाहेर गेलेला माणूस तिच्या डोक्यातून निघून जायचा, आणि तसा गेला नसता तर तिला आतल्यांचं करता आलं नसतं.

"त्याला इकडे आण. देते."

"गाडीत बसत नाही. ओढून आणला तर तुम्हाला भरती करावं लागेल. मग शाळेचं काम गेलं."

"मग इंजेक्शन केंद्राच्या नावावर काढावं लागेल. आणि हे थंड ठेवायचं औषध आहे. केंद्रात फ्रीज आहे हे मला त्यांच्या तोंडून ऐकव, तरच स्टोअरवाला देईल."

"आज नेऊन आजच टोचायचं आहे. फ्रीज कशाला?"

"मला नको. स्टोअरला हवा."

पोचताईने जिन्यात जाऊन नर्सबाईंना फोन लावला.

"फ्रीज आहे," नर्सबाई म्हणाल्या. "पण लसींचा. लहान मुलांच्या लसींखेरीज त्यात काही ठेवायचं नाही असा वरून हुकूम आहे. माझी नोकरी घालवशील."

"काही ठेवायचं नाहीये. दारातून आणलं की दंडात."

"मग विचारतेस कशाला?"

"त्यांना 'फ्रीज आहे' एवढं ऐकायचंय."

"दे तिच्याकडे," नर्सबाई म्हणाल्या.

इन्चार्जने फोन घेतला. "फ्रीज चालू आहे का तुमचा?"

"चालू आहे," नर्सबाई म्हणाल्या.

खोटं त्यात काही नव्हतं. ज्या शब्दाने मिस्त्रीला खड्ड्यात घातलं, त्याच शब्दाचा दोर सोडून त्याला वर काढायचं होतं. पोचताईला याचं हसू यायला हवं होतं. तिला चीड आली.

अजून डॉक्टरीणबाईंची सही राहिली होती. त्या राउंडवर होत्या. पोचताई भिंतीला टेकून उभी राहिली. एक तास गेला. मग डॉक्टरीणबाई आल्या, उभ्या उभ्या ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोन हुकलीत. आज दिलं तरी हे लगेच काम करणार नाही, तीन आठवडे लागतील. तोवर सोबत गोळ्या द्यायच्या. कोणीतरी समोर बसून द्यायला हव्यात."

"कोणीतरी म्हणजे कोण, डॉक्टर?"

"म्हणजे... कोणीतरी. घरचं."

"बहीण आहे घरी. बहीण म्हणा. कोणीतरी नावाचा माणूस मला अजून भेटला नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. "बहिणीने द्यायच्या. समोर बसून. मी स्वतः फोन करते तिला संध्याकाळी." आणि त्यांनी केला, हेही सांगायला हवं.

इंजेक्शन हातात आलं. ते न्यायचं कशात? लसीचा थंड डबा केंद्राकडे होता, हॉस्पिटलचा गेला होता दुसरीकडे. पोचताईने आपल्या जेवणाचा डबा उघडला, जेवण वॉर्डबॉयच्या ताटात पालथं केलं आणि डबा धुऊन पुसला.

"तिखट आहे का?" वॉर्डबॉयने विचारलं.

"माझ्याइतकं नाही. जा, कँटीनमधून बर्फ आण."

बर्फ आणायला तो खरंच धावत गेला. इंजेक्शन रुमालात गुंडाळून डब्यात, डबा बर्फाच्या पिशवीत. बर्फाला थेट लागू द्यायचं नव्हतं, गोठलं तर वाया. पिशवी पोटाशी धरून ती चार मजले उतरली.

पहिली बस मिळाली. दुसरी आलीच नाही. थांब्यावर माणसं वाढत गेली आणि प्रत्येक जण तिला विचारू लागला, "येणार आहे का?" जणू तीच सोडते. तीन वाजून गेले तेव्हा ती चालत निघाली. पाय तिचे पक्के होते, पण हातातली पिशवी ठिबकत होती, आणि प्रत्येक थेंबागणिक तिला वाटत होतं की आपण जे नेतोय ते वाटेतच संपतंय. वाटेत एका पानटपरीवर थांबून तिने बर्फाचे चार खडे मागितले. टपरीवाला म्हणाला, "सरबताला?" ती म्हणाली, "डोक्याला." त्याने दिले.

केंद्रात पोचली तेव्हा नर्सबाई हातात किल्ल्या घेऊन उभ्या होत्या. कुलूप लावलेलं नव्हतं. व्हरांड्यात मिस्त्री पालथा पडून जमिनीला कान लावून होता. झाडूवाली बादलीपाशी कमरेवर हात ठेवून.

"मी पुसू कुठे?" झाडूवाली म्हणाली. "ह्यांचं बोलणं संपायचं नाव नाही."

"उठ रे," माई म्हणाली. "नर्सबाई थांबल्यात तुझ्यासाठी."

"तो म्हणतो, दंड देऊ नकोस."

"त्याचं ऐकतोस आणि माझं नाही? त्याने तुला कधी जेवायला वाढलंय? आजारपणात त्याने घाण उपसलीय तुझी?"

मिस्त्रीने मान फिरवली नाही. नर्सबाईंनी इंजेक्शन तयार केलं आणि पोचताईकडे बघितलं. धरायचं का, असं त्या बघण्यात होतं. वॉर्डात असती तर पोचताईने धरलं असतं, पूर्वी धरलंही होतं कित्येकांना. इथे नाही. आज धरलं तर पुढच्या पंधरवड्याला तो केंद्राची पायरी चढणार नाही, आणि मग हे सगळं चालणं पाण्यात.

ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली. खरं तर बसलीच असती, उभं राहण्याचं त्राणच नव्हतं. तिने बोटाच्या पेराने शेजारची फरशी ठोकली.

"ही कशी?"

"भरीव."

"ही?"

"तीही."

"आणि ही, जिथे तो बोलतो ती?"

मिस्त्रीने ठोकली. पुन्हा ठोकली. कपाळाला आठी पडली. ही आठी पोचताईने वॉर्डात कधी पाहिली नव्हती. ती कारागिराची होती.

"पोकळ आहे. कोपऱ्यांना माल लावलाय, मधे काहीच नाही." त्याने शेजारची ठोकली, तिच्या पलीकडची ठोकली. "ही पण. सगळी ओळ. कोण होता हा? बोटभर माल टाकून ओळ उरकलीय आणि चहाला गेलाय. पैसे पुरते घेतले असतील!"

"घेतलेच असतील," पोचताई म्हणाली.

"दोन वर्षांत उचकटेल."

"उचकटू दे. दंड देताय का, मिस्त्री?"

तो उठून बसला. मग शर्टाची बाही वर करत म्हणाला, "उरका लवकर. हा ओरडायला लागलाय."

नर्सबाईंनी उरकलं. माईने तोंड फिरवून पदराने नाक पुसलं. झाडूवाली म्हणाली, "आता पुसू का?"

इथे गोष्ट संपती तर बरं झालं असतं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच झालं, तीन आठवडे वाईट गेले. माई सकाळ-संध्याकाळ समोर बसून गोळी द्यायची, तोंड उघडायला लावायची. शिव्याही खायची. शाळेच्या हॉलचं काम दुसऱ्याला गेलं. ठेकेदार म्हणाला, "बरा झाला की बघू." वॉर्डात जावं लागलं नाही, हात बांधले गेले नाहीत, एवढी कमाई. त्यासाठी एका बाईने दिवसभर हाडं झिजवली, आणि ते सगळं एक वाक्य नीट बोललं असतं तर लागलंच नसतं, हा विचार पोचताईला झोपू देत नव्हता.

तिने त्या दिवसापासून चालू हा शब्द टाकला. कोणी म्हणालं, "औषध चालू आहे," की ती विचारायची, "कोणी दिलं? कुठे दिलं? पुढचं कोण देणार?" वॉर्डात तिला चिडवू लागले. इन्चार्ज म्हणायची, "आली वकीलबाई." पण उत्तर द्यायची.

राहिला प्रश्न फ्रीजचा. पुढच्या पंधरवड्याचं इंजेक्शन पुन्हा डब्यात आलं, पुन्हा बर्फ, पुन्हा दोन बस. आणि मिस्त्री काही एकटा नव्हता. वस्तीत असे आणखी काही जण होते, कोणी बसचं भाडं नाही म्हणून घरी बसलेले, कोणी हॉस्पिटलच्या दारात जायला भिणारे. हॉस्पिटलची आणि केंद्राची एकत्र बैठक झाली तेव्हा पोचताईने विषय काढला. एक छोटा फ्रीज हवा, लसींपासून वेगळा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठे साहेब म्हणाले, "योग्य मागणी आहे. पुढे पाठवतो." तिने विचारलं, "पुढे म्हणजे कुठे?" साहेबांनी चष्मा काढला. "वर."

दोन महिन्यांनी तिने पुन्हा विचारलं.

"प्रक्रिया चालू आहे," साहेब म्हणाले.

शेजारी बसलेल्या नर्सबाईंनी तोंडावर हात ठेवला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला इन्चार्ज सिस्टर खाली बघत राहिली. बैठक संपल्यावर पोचताई घरी गेली नाही, सरळ बाजाराच्या रस्त्याला लागली.

मिस्त्री तोवर ठोकून पुढे सरकायला लागला होता. पहिलं काम मिळालं ते एका न्हाणीघराचं, लहानसं. त्याने केंद्राच्या व्हरांड्यातली पोकळ ओळ फुकट बसवून देतो म्हणून सांगितलं. नर्सबाईंनी विचारलं, तर कळलं त्यालाही वरून परवानगी लागते. ओळ अजून पोकळच आहे. इंजेक्शनला आला की मिस्त्री तिथून जाताना एकदा टाचेने ठोकतो, एक शिवी घालतो आणि आत जातो.

बैठकीच्या त्या संध्याकाळी नवऱ्याने दारातच विचारलं, "दुकानात दिसलीस म्हणे. फ्रीज आला का?"

"आला."

"कुठेय?"

"केंद्रात. इंजेक्शनच्या खोलीत, टेबलाखाली बसला बरोबर. दान म्हणून दिलाय. दान नाकारायला वरून हुकूम लागतो, आणि तो यायला वेळ लागेल, असं नर्सबाई म्हणाल्या."

नवरा खुर्चीत टेकला. बाइंडर माणूस, सुटी पानं जुळवत असावा मनात.

"लोक पगारातून घर भरतात," तो शेवटी म्हणाला. "तू ज्यांनी द्यायचं त्यांचंच घर भरतेस."

"मला कळत नाही का? कळतं म्हणूनच तर डोकं फिरलंय."

"मग परत मागून घे."

"आणि इंजेक्शनं कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर?"

त्याने उठून चहा टाकला. दुधासाठी फ्रीजची नाडी सोडली, दूध काढलं, आणि दार गुडघ्याने दाबून नाडी पुन्हा बांधली. या खेपेला दुहेरी गाठ मारली.

पोचताईच्या पगाराने शेवटी जो फ्रीज आला तो लहान आहे, दोन कप्प्यांचा, पण त्याचं दार नुसतं लोटलं की मिटतं. त्यात वस्तीतल्या माणसांची इंजेक्शनं असतात, आणि दुसरं काही नाही.